लक्ष्यनिश्चिती : रडार, विंचवाचे विष आणि अशोकाची साल

विषयप्रवेश

संधिप्रकाशात दूरवर काहीतरी उभे दिसते. तो खांब असेल किंवा माणूस असेल. उंची दोघांना सारखीच, जाडीही साधारण सारखी. हात-पाय दिसत नाहीत आणि लाकडाची ढोलीही दिसत नाही. न्यायदर्शनाने संशयाचे उदाहरण म्हणून हा स्थाणु-पुरुषाचा प्रसंग घेतला आणि आपण सर्वांनी तो पहिल्या वर्षी पदार्थविज्ञानात पाठ केला. दोन वस्तूंमधील समान धर्म दिसतो, परंतु त्यांना वेगळे करणारा विशेष धर्म दिसत नाही, तेव्हा संशय उत्पन्न होतो, एवढेच त्याचे सार. परीक्षा संपल्यावर हा प्रसंग बहुधा विस्मरणात जातो. वस्तुतः चिकित्सालयात रुग्णासमोर बसलेला वैद्य आणि औषधशाळेच्या दारात उतरलेले पोते उघडणारा औषधनिर्माता हे दोघेही रोज त्याच संधिप्रकाशात उभे असतात.

गेल्या ८० वर्षांत अभियांत्रिकीने याच प्रश्नाचा स्वतंत्रपणे आणि अतिशय चिवटपणे अभ्यास केला आहे. आकाशात दिसणारा ठिपका शत्रूचे विमान आहे, आपले आहे, पक्ष्यांचा थवा आहे की पावसाचा ढग आहे, हे ठरविणे याला त्या शास्त्रात लक्ष्याची ओळख म्हणतात. त्या अभ्यासातून निघालेले काही विचार आधुनिक वैद्यकाने उचलले आणि ते रोगनिदानाच्या चाचण्यांत स्थिरावले. आपल्या व्यवसायात मात्र त्यांचा उपयोग फारसा होताना दिसत नाही. प्रस्तुत लेखात हे विचार वैद्य व औषधनिर्माते यांच्या उपयोगाच्या दृष्टीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्या पूर्वजांना रडार ठाऊक होते असे सुचविण्याचा हेतू नाही; तशा लेखनाने आयुर्वेदाचे हित झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उत्तर न येणे म्हणजे शत्रू नव्हे

नाशिककरांना देवळालीच्या तोफांचा आवाज नवा नाही. तेथील तोफखाना विद्यालयात जे शिकविले जाते त्यात शत्रूची तोफ कोठे आहे हे शोधून काढण्याचे शास्त्रही येते. तोफ टेकडीआड लपलेली असते, ती दिसत नाही. दिसतो तो तिने फेकलेला गोळा. रडार त्या गोळ्याच्या मार्गाचा काही सेकंदांचा तुकडा टिपते आणि तो वक्र मागे वाढवीत नेऊन तोफेची जागा काढते. कार्यावरून कारणाकडे जाणारे हे शेषवत् अनुमान आहे. पूर आलेला पाहून वर पाऊस झाला असे गोदाकाठचा माणूस म्हणतो तेव्हा तोही हेच करतो, आणि रूपावरून संप्राप्तीकडे व संप्राप्तीवरून निदानाकडे जाणारा वैद्यही.

दुसरी पद्धत प्रश्न विचारण्याची आहे. जमिनीवरील यंत्र आकाशातील विमानाकडे सांकेतिक प्रश्न पाठविते. विमान आपले असेल तर त्यातील यंत्र ठरलेले सांकेतिक उत्तर परत देते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही मित्र-शत्रू ओळख पद्धती प्रचारात आली. तिच्यात एक तार्किक विषमता आहे, तिच्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. बरोबर उत्तर आले तर विमान आपले, हे ठीक. परंतु उत्तर आले नाही तर विमान शत्रूचे, असे म्हणता येत नाही. यंत्र बिघडलेले असेल, बंद असेल, किंवा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलाच नसेल.

या विषमतेची किंमत आपल्या शहराने मोजली आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, काश्मीरच्या आकाशात दोन्ही देशांची लढाऊ विमाने समोरासमोर आली असताना भारतीय वायुदलाचे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर बडगाम येथे कोसळले. त्यातील ६ जण आणि जमिनीवरील १ नागरिक मृत्युमुखी पडले. मृतांत नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. चौकशीअंती हे हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेल्याचे निष्पन्न झाले आणि तत्कालीन वायुदलप्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये ते जाहीरपणे मान्य केले. हेलिकॉप्टरमधील ओळख सांगणारी यंत्रणा बंद होती, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. यंत्र उत्तम होते, क्षेपणास्त्राने नेमके लक्ष्य गाठले. चुकली ती ओळख.

याच्या उलट प्रमादाचे उदाहरण ७ डिसेंबर १९४१ चे. पर्ल हार्बरवर चालून येणारी जपानी विमाने ओआहू बेटावरील रडारला हल्ल्यापूर्वी बराच वेळ दिसली होती. त्याच सकाळी अमेरिकेची स्वतःची बॉम्बफेकी विमाने येणार होती, म्हणून ती तीच असावीत असे गृहीत धरले गेले. एकीकडे मित्राला शत्रू मानले गेले, दुसरीकडे शत्रूला मित्र.

दोन प्रमाद आणि मधला उंबरठा

रडारच्या पडद्यावर नेहमीच काही ना काही चमकत असते. किती तेजस्वी ठिपक्याला लक्ष्य म्हणायचे याचा उंबरठा कोणीतरी ठरवावा लागतो. उंबरठा वर नेला तर खरी लक्ष्ये निसटतात. त्यास आपण अग्रहण म्हणू. उंबरठा खाली आणला तर प्रत्येक ढगावर भोंगा वाजतो. त्यास मिथ्याग्रहण म्हणू. यंत्र तेच ठेवून दोन्ही प्रमाद एकाच वेळी कमी करता येत नाहीत. एक कमी केला की दुसरा वाढतो. हा संबंध दाखविणारा आलेख रडारच्या अभ्यासातून जन्मला आणि १९६० च्या सुमारास ली लस्टेड यांनी तो क्ष-किरण चित्रांच्या निदानासाठी वापरला. आज रक्तातील कोणत्याही नव्या चाचणीच्या शोधनिबंधात जो आर.ओ.सी. आलेख दिसतो, त्यातील ‘आर’ म्हणजे रिसीव्हर, अर्थात रडारचा ग्राहक. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही हा आलेख हल्ली असतो. तो कोठून आला हे विचारल्यास बहुतेक वेळा संगणकातून आला असे उत्तर मिळते.

उंबरठा कोठे ठेवायचा हे गणित ठरवीत नाही, दोन प्रमादांची किंमत ठरविते. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झालेली स्त्री आपल्याकडे आली तर उंबरठा अगदी खाली ठेवावा. कर्करोगाची शंका घेऊन तपासणीस पाठविले आणि काही निघाले नाही तर थोडा खर्च व दोन दिवसांची काळजी. शंका न घेता प्रदराची चिकित्सा सुरू ठेवली तर कदाचित प्राण. याउलट प्रत्येक डोकेदुखीला मेंदूचे चित्र काढावयास सांगणारा चिकित्सक उंबरठा इतका खाली आणतो, की त्याच्या भोंग्याकडे पुढे कोणी लक्ष देत नाही.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. तीच चाचणी निरनिराळ्या परिस्थितीत निरनिराळा अर्थ सांगते. समजा, एका परीक्षेने भेसळीची १०० पैकी ९५ पोती पकडली जातात आणि चांगल्या १०० पोत्यांपैकी ५ चुकीने भेसळीची ठरतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एखाद्या द्रव्यात भेसळ विरळ, १००० पोत्यांत २०, असे धरले तर परीक्षा १९ खरी भेसळ पकडील आणि ९८० चांगल्यांपैकी ४९ वर खोटा आळ घेईल. नापास झालेल्या ६८ पोत्यांत खरोखर भेसळीची फक्त १९. आता दुसरे द्रव्य असे घ्या, की त्यात १००० पैकी ६०० पोती भेसळीची आहेत. तेथे ५७० पकडली जातील, ३० निसटतील, चांगल्यांपैकी ३८० उत्तीर्ण होतील. ‘उत्तीर्ण’ असा शिक्का मारलेल्या ४१० पोत्यांत ३० खोटी असतील, म्हणजे शेकडा ७ हून अधिक. पहिल्या द्रव्यात ‘नापास’ या शब्दाकडे संशयाने पाहावे लागते, दुसऱ्यात ‘उत्तीर्ण’ या शब्दाकडे. प्रयोगशाळेचा कागद मात्र दोन्ही वेळी सारखाच दिसतो.

आधुनिक रडार हे स्वतःच करते. ज्या ठिपक्याची परीक्षा करायची त्याच्या आजूबाजूच्या जागेतील गोंगाट ते आधी मोजते आणि त्यानुसार उंबरठा वर-खाली करते. समुद्र खवळलेला असेल तेव्हाचा उंबरठा शांत समुद्राला लावत नाही.

विषाचे लक्ष्य

शरीरात ही ओळख रेणूंच्या पातळीवर चालते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि त्याचे द्रव्य यांच्या संबंधाला कुलूप-किल्लीची उपमा दिली. आज त्या उपमेत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत, कारण हे कुलूप किल्ली शिरताना थोडे वाकते; तरी मूळ कल्पना टिकून आहे. पेशीच्या आवरणावरील ग्राही जागा असंख्य रेणूंच्या गर्दीतून आपला रेणू ओळखते. आणि जेथे ओळख आहे तेथे तोतयाही असतो.

आपल्या कोकणातील लाल विंचू हा असाच एक निष्णात तोतया बाळगतो. मोठा काळा विंचू, ज्याला आपल्याकडे इंगळी म्हणतात, तो पाहून माणूस दचकतो. पण त्याचे विष सहसा मंद असते. दोन-तीन इंचांचा लाल विंचू दगडाखाली, भाताच्या पेंढ्यात, चपलेत सापडतो आणि बालकाचा प्राण घेऊ शकतो. आकार हे येथे फसवे लक्षण आहे. सुश्रुतांनी कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे भेद केले ते उगाच नव्हेत.

या विषातील काही प्रथिने मज्जातंतूंच्या आवरणातील सोडियमच्या वाहिन्या ओळखून त्यांना चिकटतात आणि उघडलेली वाहिनी वेळेवर मिटू देत नाहीत. मज्जातंतू उद्दीपितच राहतात, अॅड्रेनॅलिन व तत्सम द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य भार पडतो. याच विषातून १९९० मध्ये वेगळा केलेला इबेरियोटॉक्सिन नावाचा ३७ अमिनो आम्लांचा रेणू पोटॅशियमच्या एका विशिष्ट प्रकारच्या वाहिनीला इतक्या निवडकपणे ओळखतो, की ती वाहिनी शोधण्याचे साधन म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा तो वापरतात.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या प्रश्नात केलेले कार्य लक्ष्यनिश्चितीचा आदर्श वस्तुपाठ म्हणून पाहावे. त्यांनी प्रथम रोगी ओळखला, मग लक्ष्य. केवळ दंशस्थानी तीव्र वेदना असलेला रुग्ण आणि घामाने चिंब, हातपाय थंड, उलट्या करणारा, लहान मुलगा असल्यास शिश्नोत्थान झालेला रुग्ण हे दोन वेगळे आहेत. दुसऱ्याचे हृदय धोक्यात आहे, हे त्यांनी रुग्णांजवळ बसून टिपले आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. अशा गंभीर रुग्णात दंशाची वेदना पुष्कळदा थोडी असते. वेदना नाही म्हणून विष नाही असे मानणे म्हणजे उत्तर आले नाही म्हणून शत्रू ठरविण्याचाच उलटा प्रकार.

नंतरचा प्रश्न असा, की एवढ्या वादळात मारा कोठे करायचा? रक्तवाहिन्या आकसविणारी आज्ञा ज्या अल्फा ग्राहींवर उतरते तेथे. उच्च रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध नेमके त्याच ग्राहींना झाकते. १९८० च्या दशकात बावसकर दाम्पत्याने ते वापरण्यास प्रारंभ केला. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार गंभीर विषबाधेत पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. येथे एक बारकावा आहे. प्राझोसिन विषाला ओळखत नाही, विषाच्या परिणामाची वाट अडविते. विषाला ओळखणारी प्रतिविष लस वेगळी. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाडच्या अभ्यासात प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. दोन लक्ष्यांवर एकदम उपाय केल्याचा हा परिणाम. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागात काम करणाऱ्या आपल्या सभासदांनी घाम-थंडी-उलटी हे त्रिकूट दिसताच रुग्ण ताबडतोब जवळच्या सुसज्ज रुग्णालयात हलवावा, हे वेगळे सांगावयास नको.

शरीर स्वतःही ओळखीत चुकते. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग झालेल्या काही मुलांत पुढे संधिज्वर होऊन हृदयाच्या झडपा बिघडतात. जंतूच्या आवरणातील एका प्रथिनाचे काही भाग हृदयातील प्रथिनांशी मिळतेजुळते असतात आणि जंतूसाठी तयार झालेली शस्त्रे हृदयावर चालतात. मित्र-शत्रू ओळखीचा हा प्रमाद ५ ते १५ वर्षांच्या मुलांत आपण आजही पाहतो.

उपशय हा विचारलेला प्रश्न आहे

आता आपल्या शास्त्राकडे वळू. निदानपंचकात उपशयाचे स्थान काय, याविषयी विद्यार्थी बहुधा गोंधळलेले असतात. लक्षणे गूढ असताना औषध, आहार किंवा विहार योजून शरीराचे उत्तर पाहावयाचे, हा त्याचा आशय. ऊरुस्तंभ हा प्रथमदर्शनी वातव्याधीसारखा दिसतो. स्नेहन केल्यावर तो वाढतो आणि त्यावरून ओळखू येतो. आमवाताच्या रुग्णाला तेल चोळल्यावर वेदना वाढल्या, असे नातेवाईक तक्रारीच्या सुरात सांगतात तेव्हा चतुर वैद्याला निदानाचा धागा मिळालेला असतो. रडारने विमानाकडे सांकेतिक प्रश्न पाठवावा तसा हा शरीराला विचारलेला प्रश्न आहे.

परंतु प्रश्न नीट विचारला गेला असेल तरच उत्तराला अर्थ. रक्तप्रदराच्या रुग्णेला अशोकारिष्ट दिले, दोन मास उपशय मिळाला नाही. वैद्य म्हणतो, मात्रा कमी पडली. किंवा निदान चुकले. किंवा दोषांचा अनुबंध वेगळा आहे. तो चिकित्सा बदलतो. त्या बाटलीत अशोक नव्हताच, ही शक्यता त्याच्या मनात शेवटी येते किंवा येतच नाही. तोपर्यंत रुग्णेचे हिमोग्लोबिन उतरत राहते. म्हणून द्रव्याची चुकीची ओळख ही केवळ औषधनिर्मात्याची व्यावसायिक बाब समजू नये. ती वैद्याच्या हातातील निदानाचे साधनच बोथट करते आणि त्याच्या अनुभवात कायमची खोटी नोंद करून ठेवते: ‘अशोकाचा विशेष उपयोग होत नाही’.

औषधशाळेच्या दारात

ग्राह्य अशोक म्हणजे सराका असोका, आपण ज्याला सीता अशोक म्हणतो तो. पंचवटीत येणाऱ्या भाविकांना सीतेचे नाव ठाऊक असते, पण अशोक म्हणून ते ज्या झाडाकडे बोट दाखवितात ते सोसायट्यांच्या कुंपणालगत उभे असलेले उंच, लहरदार पानांचे पॉलिअल्थिया लाँजिफोलिया असते. एक शिंबी कुलातील, दुसरे सीताफळाच्या कुलातील. नात्यागोत्याचा संबंध नाही. सीता अशोक आता निसर्गात असुरक्षित गणला जातो, मागणी मोठी आहे, साल काढण्यासाठी झाड दुखवावे लागते, आणि खोटा अशोक रस्तारुंदीकरणात ट्रकभर निघतो. या परिस्थितीत भेसळ विरळ असेल असे मानणे म्हणजे खवळलेल्या समुद्राला शांत समुद्राचा उंबरठा लावणे होय.

पोते उघडल्यावर सर्वसाधारणपणे काय पाहिले जाते? रंग तपकिरी, चव तुरट, मोडल्यावर आतून लालसर. हे सर्व समान धर्म आहेत. तुरटपणा अर्ध्याअधिक सालींत असतो. विशेष धर्म सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. खोट्या अशोकाच्या सालीच्या आडव्या छेदात मज्जाकिरण बाहेरच्या बाजूस रुंदावत गेलेले, पाचरीच्या आकाराचे असतात आणि त्यांच्यामध्ये तंतूंचे थरावर थर रचलेले दिसतात. सीताफळाच्या कुलाची ही खूणच आहे. साधा विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक, एक धारदार पाते आणि १५ मिनिटे एवढ्यात हे पाहता येते. प्रयोगशाळेच्या लांबलचक अहवालाआधी हे एक काम प्रत्येक औषधशाळेने दारातच करावे, असे माझे आग्रही मत आहे.

वावडिंगाची गोष्ट याहून अवघड आहे. शास्त्रोक्त एंबेलिया राइब्जच्या जागी बाजारात त्याच वंशातील दुसरी जात सर्रास येते. एंबेलिनचे प्रमाण तपासून घेतो, असे अनेक निर्माते सांगतात. परंतु एंबेलिन त्या दुसऱ्या जातीतही असते. अर्थात एंबेलिन सापडले म्हणजे वावडिंगाच्या गोतावळ्यापर्यंत आपण पोहोचलो, व्यक्ती ओळखली गेली नाही. नागकेशराबाबत तर आपल्या महाराष्ट्रात परंपराच वेगळी पडली आहे. मेसुआ फेरिआच्या पुंकेसरांऐवजी सुरंगीच्या सुकलेल्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जातात. शंखपुष्पी म्हणून कोणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस देतो, कोणी विष्णुक्रांता, तर केरळात गोकर्ण. या सर्वांना सरसकट भेसळ म्हणणे मला मान्य नाही. अभावप्रतिनिधी द्रव्ये आपल्या ग्रंथांनीच सांगितली आहेत. फरक एवढाच, की प्रतिनिधी जाहीर करून वापरावयाचा असतो. वेष्टनावर एक नाव आणि आत दुसरे द्रव्य असेल तर त्याला प्रतिनिधी म्हणता येत नाही.

एच.पी.टी.एल.सी. परीक्षेत द्रव्याचा अर्क सिलिकाच्या पातळ थरावर चढविला जातो. त्यातील घटक निरनिराळ्या उंचीवर पट्ट्यांच्या रूपाने थांबतात आणि अतिनील प्रकाशात त्यांचा पट दिसतो. येथे एकच पट्टी पाहून निर्णय देण्याचा मोह टाळावा. ज्या एका घटकावरून खरेदी ठरते तो घटक बाहेरून मिसळण्याची कला बाजाराला लवकर अवगत होते; हळदीच्या अर्कात कृत्रिम कर्क्युमिन मिसळण्याचे प्रकार सर्वज्ञात आहेत. युद्धात खोटे लक्ष्य सोडून रडारला चकवितात, त्यातलाच हा प्रकार. संपूर्ण पट प्रमाणित नमुन्याच्या शेजारी ठेवून जुळवावा. जनुकीय परीक्षा जात नेमकी सांगू शकते. २००९ मध्ये वनस्पतींसाठी दोन जनुकीय खंडांची ओळखचिन्हे म्हणून आंतरराष्ट्रीय शिफारस झाली. पण ही परीक्षा साल आहे की पान, कोवळे की जून, हे सांगत नाही, आणि क्वाथ उकळल्यावर तो जनुकीय धागा बहुतांशी तुटून गेलेला असतो. तयार अरिष्टावर तिचा भरवसा धरू नये. ती कच्च्या मालावरच करावी.

दोन परीक्षा घ्यावयाच्या तर त्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात. वरील पहिल्या उदाहरणातील ६८ नापास पोत्यांवर तितक्याच क्षमतेची दुसरी स्वतंत्र परीक्षा केली तर सुमारे २० नापास राहतात आणि त्यांतील १८ खरोखर भेसळीची असतात. तुरट चव आणि टॅनिनची रासायनिक परीक्षा या दोन परीक्षा नव्हेत. एकच प्रश्न दोन भाषांत विचारल्यासारखे ते आहे.

नावाच्या सादृश्याने काय घडू शकते याचे सर्वांत दारुण उदाहरण ब्रुसेल्सचे आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील वजन घटविण्याच्या एका चिकित्सालयात चिनी औषधांपैकी ‘फांग जी’ नावाचे द्रव्य देण्यात आले. अपेक्षित होती स्टेफानिया. आली ती जवळपास त्याच नावाने ओळखली जाणारी अॅरिस्टोलोकिया. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा त्यांवर गंभीर परिणाम झाला आणि पुढे त्यांतील अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. अॅरिस्टोलोकिक आम्ल आज मानवी कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गात गणले जाते. आपल्याकडील सापसंद, म्हणजे ईश्वरी, ही याच वंशातील वनस्पती आहे. अशा द्रव्यांचा संशय असेल तेथे उंबरठा सर्वांत खाली ठेवावा. दहा चांगली पोती परत गेली तरी हरकत नाही, एक वाईट पोते आत येता कामा नये. अशोक-वावडिंगाच्या बाबतीत नुकसान निष्फळतेचे आहे, येथे ते प्राणाचे आहे.

व्यवहारात काय करता येईल? शेड्यूल टी नुसार कच्च्या मालाची नोंद आणि परीक्षण बंधनकारक आहेच; पण ती नोंदवही पुष्कळ ठिकाणी केवळ तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी भरली जाते. त्याच वहीत प्रत्येक द्रव्यासमोर तीन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात. त्याचे बाजारातील तोतये कोणते; त्यांना वेगळे करणारी खूण कोणती; आणि शंका राहिल्यास माल ठेवावयाचा की परत करावयाचा. हे माल येण्यापूर्वी लिहिलेले असावे. ट्रक दारात उभा असताना, उद्याच्या संधानासाठी भांडी धुऊन ठेवलेली असताना आणि अडत्या फोनवर भाव वाढल्याचे सांगत असताना उंबरठा नकळत आपल्या सोयीच्या बाजूस सरकतो. पर्ल हार्बरच्या त्या सकाळी आपली विमाने अपेक्षित होती, म्हणून दिसलेली विमाने आपली वाटली. अशोकाची साल मागविलेली असते, म्हणून आलेली साल अशोकाची वाटते.

प्रमाणित नमुना हा या सर्वाचा पाया. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेकडून वनस्पतींची व कच्च्या द्रव्यांची ओळख पटवून घेण्याची सोय आहे. प्रत्येक औषधशाळेने निदान आपल्या सर्वाधिक खपाच्या दहा द्रव्यांचे असे ओळख पटविलेले नमुने काचेच्या बरण्यांत, तारीख व ठिकाण घालून, उजेडापासून दूर ठेवावेत. आलेल्या प्रत्येक पोत्याचाही मूठभर नमुना औषधाची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावा. चिकित्सा करणाऱ्या वैद्यांनीही एक पथ्य पाळावे : अपेक्षित उपशय मिळाला नाही तर बाटलीवरील बॅच क्रमांक रुग्णपत्रिकेवर लिहावा आणि तो निर्मात्याला कळवावा. एकाच बॅचविषयी तीन-चार वैद्यांकडून अशी पत्रे आली, तर निर्मात्याला बरणीतील मूठभर साल पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येईल.